खाली पडतात ती आपली

केतकी अभ्यास मोठ्यानं वाचून करते. ती माझ्या भाचीची मुलगी. संगणकाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मे महिन्यात परीक्षा आली की महिनाभर माझ्याकडे नगरला राहायला येते. माझ्या घरात मी एकटी आणि छताचा पंखा, एवढेच काय ते आवाज. दुपारी खिडक्यांना ओल्या चादरी लावून आम्ही दोघी आतल्या खोलीत बसतो. मी पेपर वाचल्यासारखं करते आणि ती येरझाऱ्या घालत घोकत असते. माहितीचा एक घन आहे असं समजा. त्याची एक मिती ठिकाण, एक मिती काळ, एक मिती वस्तू. आता ठिकाण तेच ठेवून काळ बदला. आता काळ तोच ठेवून ठिकाण बदला. घनाचा एक काप काढा.

परवा मध्येच थांबून तिनं विचारलं, "मावशीआजी, तुला कळतंय का यातलं काही?"

थोडंफार कळतंय, असं मी म्हटलं. ती हसली आणि पुढे वाचू लागली. तिला दिसलं नाही, पण मी पेपर खाली ठेवला होता, कारण माझ्या तळहातांच्या घामानं त्याची शाई हाताला लागत होती. पन्नास वर्षं झाली. अजून मे महिन्यात कुणी काळ आणि ठिकाण ही दोन नावं एका दमात घेतली की माझ्या हातातलं काम थांबतं.

हे सगळं मी शिकले तो बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता. स्वेटर विणायची एक करड्या रंगाची सुई होती.

मी वीस वर्षांची होते. कॉलेजचं एक वर्ष करून शिक्षण थांबलं होतं. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसायला लागले होते. आई-वडील आणि माझी मोठी बहीण, जिला मी आक्का म्हणते, सगळे पाझर तलावाच्या कामावर जात होते. मी नगरजवळ भिंगारला मावशीकडे राहत होते, आणि मावशीच्या शेजारणीनं कुठूनसं ऐकून मला एका आरोग्य पाहणीच्या कचेरीत तात्पुरत्या कामाला लावलं. दुष्काळी कामांवरच्या मजुरांची आणि त्यांच्या मुलांची आजारपणं नोंदवायची, असं ते काम. अक्षर चांगलं असलं की पुरे, असं तिनं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी सायकलच्या दुकानापासून कचेरीच्या फाटकापर्यंत मी तीनदा गेले आणि तीनदा परत आले. चौथ्यांदा फाटक उघडलं ते केवळ उन्हानं डोकं तापलं म्हणून.

आत थंडगार अंधार होता. दारांना वाळ्याचे पडदे, त्यावर पाणी मारल्याचा ओला वास, आणि लांबलचक टेबलावर लाकडी खोके. खोक्यांत कार्डं. पोस्टकार्डाहून थोडं मोठं, पिवळसर, जाड कार्ड, आणि त्याच्या चारही कडांना ओळीनं भोकंच भोकं. टेबलामागे साळवेबाई बसल्या होत्या. पांढरं सुती लुगडं, गळ्यात बारीक क्रूस, आणि बाहेर एवढी आग पाखडत असताना हातात अर्धवट विणलेला लोकरीचा मोजा. पंधरा वर्षं नर्सचं काम करून गुडघे गेले म्हणून त्या या बैठ्या कामावर आल्या होत्या. त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग हातातल्या विणकामातून एक सुई ओढून काढली. मोज्याचे टाके सुटले तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

एक मूल म्हणजे एक कार्ड, असं त्या म्हणाल्या. कार्डाच्या मधोमध नाव आणि गाव शाईनं लिहायचं, आणि बाकीचं सगळं कडेच्या भोकांत. प्रत्येक भोकाला एक अर्थ. हे पाच वर्षांखालचं मूल. हे उलट्या-जुलाब. हा आठवडा. हे पिण्याचं पाणी कुठलं. जे खरं असेल त्या भोकाची कड चिमट्यानं कापून टाकायची, म्हणजे तिथं भोक न राहता खाच होते. मग शंभर कार्डांचा गठ्ठा सरळ उभा धरायचा, हव्या त्या भोकातून सुई आरपार घालायची आणि वर उचलायची. ज्यांचं भोक शाबूत ती सुईला लटकून राहतात. ज्यांना खाच ती सुटतात.

"वर राहतात ती सोडून दे," बाई म्हणाल्या. "खाली पडतात ती आपली."

मी पहिल्यांदा सुई इतकी तिरपी उचलली, की नको ती कार्डंही खाली आली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी गठ्ठा पुन्हा जुळवला. प्रत्येक कार्डाचा एक कोपरा तिरपा छाटलेला होता. सगळे छाटलेले कोपरे एका जागी आले की एकही कार्ड उलटं नाही हे बोटालाच कळे. पुन्हा कर, असं म्हणून त्यांनी सुई माझ्या हातात दिली.

त्या उन्हाळ्यात मी किती गोष्टींना भ्यायले त्याची गणती नाही. डॉक्टरांच्या बुटांच्या आवाजाला भ्यायले. डॉक्टर पेंडसे पुण्याहून आले होते. उंच, फार कमी बोलणारे, आणि बोलले की निम्मं इंग्रजीत. चिमट्याला तर मी सगळ्यात जास्त भ्यायले. शाईची चूक खोडता येते, कापलेली कड परत येत नाही. चुकीच्या भोकाला खाच पडली तर ते मूल दुसऱ्याच कुठल्या गावाचं होऊन जाई, दुसऱ्याच आजाराचं, आणि कुणाला पत्ता लागणार नाही. रात्री जेवताना मावशी विचारी की भाकरीचे असे बारीक तुकडे का करतेस, आणि माझ्या लक्षात येई की अंगठा आणि बोट अजून चिमटाच दाबतायत.

पण शिकणं म्हणून जे असतं ते मला त्याच टेबलाशी कळलं. बाई सुईला हात लावण्याआधी वहीत प्रश्न लिहायला लावत. पूर्ण वाक्यात, मराठीत. मी लिहिलं, जुलाब झालेली मुलं. त्यांनी वही परत सरकवली. हा प्रश्नच नव्हे, म्हणाल्या. कुठली मुलं, केवढी, केव्हा? मग मी लिहिलं, गेल्या आठवड्यात जुलाब झालेली पाच वर्षांखालची मुलं. त्यांनी वाक्यातल्या एकेका शब्दाखाली रेघ मारली. प्रत्येक रेघेला एक सुई. हे आणि ते दोन्ही हवं असेल, तर पडलेल्यांतच दुसरी सुई घालायची. हे किंवा ते हवं असेल, तर लटकून राहिलेल्यांत दुसरी सुई घालायची आणि दोन्ही वेळची पडलेली एकत्र करायची. अमुक नसलेली हवी असतील, तर तेवढ्यापुरती सुईवरची मोजायची. आधी गाव विचार, आधी वय विचार, शेवटी हातात तीच कार्डं येतात. हे मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पटलं, आणि पटलं तेव्हा भीतीच्या आत कुठंतरी एक बारीक आनंद हलला. तीच मुलं, तेच खोके, पण ज्या बाजूनं विचारावं त्या बाजूनं ती वेगळी उभी राहत होती.

केतकीच्या पडद्यावर आता हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. एक ओळ लिहिली की उत्तर हजर. तिचं मला कौतुक वाटतं. पण तिच्या उत्तराला आवाज नाही. आमच्या उत्तराला होता. वाळलेल्या पानांवरून सरडा पळावा तसा. किती पडली ते मोजण्याआधी कानाला कळायचं.

विहिरींचे नंबर मीच लावले होते. पाहणीतल्या पाणवठ्यांची यादी करून प्रत्येकाला एक आकडा द्यायचा, आणि तो आकडा कार्डावर चार भोकांत बसवायचा. सात, चार, दोन आणि एक, अशी ती चार भोकं. चार आणि एक कापलं की पाच. चार आणि दोन कापलं की सहा. म्हणजे पाच नंबरची विहीर आणि सहा नंबरची विहीर यांच्यात शेजारच्या एका भोकाचं अंतर. या दोन विहिरी एकाच कामावरच्या होत्या, आणि ते काम म्हणजे आक्का जात होती तो पाझर तलाव.

आणखी एक भोक होतं, कार्डाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात. बाईंनी पहिले पंधरा दिवस मला त्यात सुई घालू दिली नाही. तेवढी कार्डं त्या स्वतः कापत, आणि कापताना मोजा, सुई, सगळं बाजूला ठेवत. मृत्यू असा शब्द त्या बोलत नसत. कोपऱ्याचं कार्ड, म्हणत.

दर शनिवारी डॉक्टरांना गावाप्रमाणे तक्ता जायचा. या गावात दोन, त्या गावात एक, पलीकडच्या गावात तीन. डॉक्टर तक्ता वाचत आणि म्हणत की विखुरलेलं आहे, उन्हाळ्यात असतंच. बाई मान हलवत. पण तक्ता गेल्यावर एकदा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की बेरीज बघून कधी स्वस्थ बसू नये, ती दुसऱ्या बाजूनं फोडता येते का पाहावं. मी ते वहीत लिहून घेतलं. उपयोग काय करायचा ते मला कळलं नव्हतं.

एका रविवारी मी आक्काला भेटायला कामावर गेले. एस.टी.तून उतरून दोन मैल चालत. उघडा माळ, त्यावर मुंग्यांसारखी माणसं, पाट्या डोक्यावर घेऊन भरावावर चढणाऱ्या बायांची रांग, आणि सगळ्यांवर पांढरी धूळ, इतकी की कोण कुठल्या गावचं ते चेहऱ्यावरून कळू नये. दहा-बारा गावांची माणसं होती. तरी पाण्याच्या वेळी ते बरोबर कळत होतं. वर मुकादमाच्या छपरापाशी एक बांधीव विहीर होती. टँकर तिच्यात रिकामा व्हायचा. ती आमच्या यादीतली पाच नंबरची. खाली नाल्याच्या काठाला एक जुनी, अर्धी ढासळलेली विहीर होती, ती सहा नंबरची. आमची माणसं खाली जात. आमच्या गावची बौद्ध वस्ती, शेजारच्या गावांतल्या तशाच वस्त्या, आणि वरच्या रांगेत ताटकळायला वेळ नसलेली आणखी काही घरं. नाल्याच्या त्याच पात्रात सकाळी कामावरची सगळी माणसं परसाकडला जात.

आक्काची मुलगी मंगल तेव्हा दोन वर्षांची होती. ती बाभळीच्या झोळीत निपचित पडली होती. सकाळपासून सहा वेळा जुलाब झाले, असं आक्कानं सांगितलं. मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. बाईंनी शिकवलं होतं तसं. कातडी सोडली तरी तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी गेलं होतं.

"पानी खालचंच पाजतेस का?" मी विचारलं. माझ्या तोंडात तिथं गेलं की तिथलीच भाषा येई.

"मंग कुठलं पाजू?" आक्का म्हणाली. "वर गेलं तर दोराला हात लावायचा न्हाई. कुनी वतील तवा. पोर तानलेली आन् मी तिथं हंडा घिऊन हुबी."

मी तिला पाणी उकळून, मीठ-गूळ घालून, चमच्या चमच्यानं द्यायला सांगितलं. सरपण कुठून आणायचं, ते मी सांगितलं नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं परत निघाले तेव्हा खिडकीच्या गजाला धरलेली माझी बोटं भिंगार येईपर्यंत सुटली नाहीत.

बुधवारी त्या आठवड्याचे फॉर्म आले. आमचा आरोग्यसेवक सोमवारी त्या कामावर जाऊन आला होता. तिसरा की चौथा फॉर्म मंगलचा होता. मी नवं कार्ड घेतलं. तिचं नाव शाईनं लिहिलं, पाच वर्षांखालच्या भोकाला खाच पाडली, जुलाबाला पाडली, आठवड्याला पाडली, मग चार आणि दोन. चिमट्यातून पडलेले ते कागदाचे टीचभर तुकडे मी झाडूनसुद्धा टाकले नाहीत.

गुरुवारी दुपारी बाई डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मी वही उघडली आणि प्रश्न लिहिला. गेल्या चार आठवड्यांत उलट्या-जुलाब झालेली पाच वर्षांखालची मुलं, गाव कुठलंही असो, सहा नंबरचं पाणी पिणारी. गावांचे सगळे खोके मी एकत्र केले. हे करायची मला परवानगी नव्हती. मग एकेक सुई. शेवटची सुई दोनच्या भोकातून घातली आणि उचलली.

तो आवाज थांबेना. मला वाटलं गठ्ठाच निसटला. पण हातातली कार्डं हातात होती आणि टेबलावर दुसरा ढीग झाला होता. सव्वीस कार्डं, नऊ गावांची. कुठल्या गावचं एक, कुठल्या गावचं चार. मी त्यांत कोपऱ्याच्या भोकात सुई घातली. बाईंशिवाय, पहिल्यांदाच. पाच पडली.

तक्त्यात विखुरलेलं होतं ते सगळं एका विहिरीवर उभं होतं.

मी तेव्हाच उठून बाईंकडे धावत जायला हवं होतं. गेले नाही. का गेले नाही, याचा विचार मी पुढं आयुष्यभर केला, आणि दर वेळी तीच तीन कारणं सापडतात. पहिलं म्हणजे चिमटा. ही कार्डं माझ्याच हातची. पाचाऐवजी सहा कापत बसले असेन तर? एका भोकाची तर चूक. दुसरं म्हणजे नोकरी. न विचारता खोके एकत्र करणाऱ्या तात्पुरत्या मुलीला कोण ठेवेल? आणि तिसरं, जे मी कुणाला सांगू शकत नव्हते. खालची विहीर दूषित आहे असं म्हटलं की ती बंद होणार. बंद झाली की आमच्या माणसांनी प्यायचं काय?

मी सव्वीस कार्डं टाचणीनं खूण करून परत आपापल्या खोक्यांत ठेवली. उरलेला गुरुवार आणि सगळा शुक्रवार मी मूळ फॉर्मचे गठ्ठे काढून एकेक कार्ड ताडून पाहिलं. बाईंना सांगितलं की अक्षर नीट लागत नाही म्हणून बघते. त्यांनी माझ्याकडे थोडा जास्त वेळ पाहिलं. सव्वीसांतलं एक कार्ड चुकलेलं निघालं. मूल पाच नंबरचं होतं, माझ्या हातून सहा कापलं गेलं होतं. ती चूक सापडली तेव्हा मी पहिल्यापासून पुन्हा सगळी तपासली. बाकीची पंचवीस बरोबर होती. चुकलेल्या मुलाचं मी नवं कार्ड केलं.

शनिवारी सकाळी बाई कुलूप काढत असतानाच मी त्यांना सगळं सांगितलं. चुकलेल्या कार्डासकट. माझा हात धरून त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या की हिनं एक प्रश्न विचारलाय, तो तुमच्यासमोर पुन्हा विचारायला सांगा.

डॉक्टरांच्या टेबलावर मी पुन्हा सुया घातल्या. पंचवीस पडली. डॉक्टरांनी त्याच कामावरच्या पाच नंबरच्या विहिरीची किती, असं विचारलं. मी सुई बदलली. चार पडली. कोपऱ्याचं एकही नाही.

डॉक्टरांनी ती चार कार्डं पत्त्यांसारखी हातात धरली. मग विचारलं, "एकाच कामावर लोक दोन विहिरींचं पाणी कशाला पितात?"

बाईंनी खाली पाहिलं. त्यांना माहीत होतं. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"वरची त्यांची आहे, साहेब," मी म्हणाले. "खालची आमची."

"आमची म्हणजे?"

"आमची," मी म्हणाले. दुसरा शब्द मला सुचला नाही.

कार्डावर जातीला भोक नव्हतं. ते कुणी विचारलंच नव्हतं. तरी ती बाजू तिथं होती आणि विहिरीच्या नंबरातून ती बाहेर आली होती. डॉक्टरांनी कार्डं टेबलावर ठेवली. मी धीर करून म्हटलं की विहीर बंद केलीत तर त्यांना प्यायला काहीच राहणार नाही. तुला कामावरची माणसं माहीत आहेत का, असं त्यांनी विचारलं. माझी बहीण आहे, मी म्हटलं, आणि त्या पंचवीसांत तिची मुलगी आहे. त्यांनी ड्रायव्हरला जीप काढायला सांगितलं.

दुपारी आम्ही तिथं पोचलो. जीपच्या मागच्या बाजूला ब्लीचिंग पावडरचे डबे होते आणि त्याच्या वासानं माझे डोळे चुरचुरत होते. आक्का दिसेपर्यंत मी रांगेतला एकेक चेहरा पाहत होते. ती दिसली. मंगल तिच्या कडेवर होती, वाळून काडी झालेली, पण मान धरून. कामावर वाटलेल्या सुकडीचा तोबरा तोंडात होता. मी तिला हात लावला नाही, कारण हात लावला असता तर सगळ्यांसमोर रडले असते.

खालच्या विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या गेल्या. मुकादम नम्रपणे म्हणाला की वर कुणाला मनाई नाही, सगळ्यांनी खुशाल यावं. डॉक्टरांनी आमच्या बायांकडे पाहिलं.

तेव्हा आक्का बोलली. "अडवीत न्हाई कुनी, सायेब. पर दोर कुनी हातात बी देत न्हाई."

त्या दिवशी डॉक्टर सूर्य कलेपर्यंत वरच्या विहिरीच्या काठावर उभे राहिले. दोर बायांच्या हातात दिला गेला. मी आक्काच्या मागे उभी होते आणि माझ्या पाठीवर माणसांचे डोळे मला उन्हासारखे लागत होते. कुणी काही केलं नाही, पण तेवढी मी दुसऱ्या कशाला भ्यायल्याचं मला आठवत नाही. पहिला हंडा वर येताना आक्काचे हात मात्र स्थिर होते.

डॉक्टर रोज तिथं उभे राहू शकत नव्हते, हे त्यांनाही कळत होतं. सोमवारी त्यांनी तालुक्याच्या कचेरीत जाऊन भांडून चार लोखंडी पिंपं मिळवली. टँकरनं आधी खाली पिंपं भरायची आणि मग वर विहिरीत ओतायचं, असं ठरलं. विहीर एक झाली नाही. पिंपं आली. आणि पिंपं आल्यावर सहा नंबरची कार्डं थांबली. डॉक्टरांनी तक्त्याचं रूप बदललं. गावाच्या शेजारी पाण्याचा रकाना आला. बाईंनी मला मोज्याची जोडी दिली, मे महिन्यात, आणि त्या कामावर मी कायम झाले. पुढे सरकारी आकडेवारीच्या खात्यात गेले, मोठी कार्डं आली, ती वाचणारी यंत्रं आली, मग पडदे आले. लोक म्हणत, या बाईंना प्रश्न बरोबर विचारता येतो.

पण कार्डं थांबण्याआधी एक आलं होतं.

जीप गेली त्याच्या पुढच्या बुधवारी. सुमन, वय वर्षं तीन, सहा नंबर, आणि कोपरा. बाई ते कार्ड स्वतःकडे ओढायला लागल्या तेव्हा मी दिलं नाही. मीच कापलं. मग मी त्यांना विचारलं की ही कधी आजारी पडली असेल. मी गप्प बसले त्या गुरुवारच्या आधी की नंतर? बाईंना माझ्या विचारण्याचा अर्थ लगेच कळला. त्यांनी चिमटा माझ्या हातातून काढून घेतला.

"पाणी पोटात गेल्यावर लागायला दोन-तीन दिवस जातात," त्या म्हणाल्या. "तिनं ते आधीच प्यायलेलं असेल."

"आणि नसेल तर?"

त्या कार्ड खोक्यात ठेवायला वळल्या. खोक्यांत याचं उत्तर नव्हतं. आमच्या कार्डावर आठवडा होता, वार नव्हता.

बाजरी निघाली त्या वेळी मी आक्काकडे गेले होते. सुमनचं गाव तिथून तीन मैलांवर. चालत गेले. कुणाला सांगितलं नव्हतं. घर सापडायला वेळ लागला नाही. तिची आई दारातच बाजरी पाखडत होती. ठकूबाई तिचं नाव. मी कोण, काय सांगावं, हे वाटेत पाठ केलं होतं, पण तिनं मान वर करून पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"तू त्या जीपमदली न्हवं? डाक्टरसंगं आलेली?"

मी हो म्हटलं. तिनं मला बसायला घोंगडी टाकली. आत जाऊन पितळी तांब्या घासून आणला, पाणी घेऊन आली, आणि माझ्यासमोर उकिडवी बसून म्हणाली की तुमी आलात म्हून पिंपं आली. माझी धाकली तेवढ्यानं वाचली. बाकीच्यांचीबी लेकरं वाचली. मी रोज तुमचं नाव काढते, पर नाव म्हाईत न्हवतं. काय नाव तुमचं?

तिच्या मागे, उंबऱ्यावर, धाकटी मुलगी बसून माझ्याकडे पाहत होती. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की थोरलीला जुलाब कुठल्या वारी सुरू झाले. एक शब्द. ती सांगू शकली असती. आयांना वार माहीत असतात.

मी माझं नाव सांगितलं. पाणी प्यायले. धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठले.